कावीळ, लिव्हर आणि पित्तरसावरचं संशोधन: गावागावांतून विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. लिव्हरच्या आजारांवरच्या अभ्यासासाठी पथक गावात येतं तेव्हा जीपच्या मागच्या सीटवर बर्फाची पेटी मांडीशी धरून बसलेली जी बाई दिसते, ती मी. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं की सुई बाहेर काढायच्या आधी प्रश्न सुरू होतात, आणि ते व्हायलाच पाहिजेत. पण रांग लांब असते, ऊन चढत असतं आणि बरीच उत्तरं अर्धवट राहतात. ती राहिलेली उत्तरं इथे लिहिली आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या शाळकरी पोरांनी किंवा आशाताईंनी वाचून दाखवावीत. मात्र हे वाचून स्वतःचं औषध स्वतः ठरवू नका. तब्येतीची तक्रार असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

पित्त म्हणजे जेवल्यावर छातीत जळजळतं तेच ना?

नाही, आणि निम्मा घोळ इथूनच सुरू होतो. मराठीत एकाच शब्दाला आपण तीन कामांना जुंपलं आहे. आंबट ढेकर आले की 'पित्त झालं', अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठलं', आणि लिव्हरमध्ये तयार होणारा रस तोही पित्तच. पहिलं जठरातलं आम्ल, दुसरी ॲलर्जी. या पानावर पित्तरस हा शब्द आला की फक्त तिसरं समजायचं.

तो बघायचा असेल तर बोकड कापणाऱ्या माणसाच्या हाताकडे बघा. कलेजी काढताना तिला चिकटलेली हिरवी पिशवी तो किती अलगद सोडवतो! ती फुटली की मटण कडू. आपल्या पोटातही तीच रचना आहे. सव्वा ते दीड किलोचं लिव्हर आणि त्याच्या खाली लहान वांग्याएवढं पित्ताशय. लिव्हर दिवसाला साधारण ६०० मिली ते १ लिटर पित्तरस तयार करतं. पित्ताशयात मावतो ३० ते ५० मिली, तोही पाणी शोषून घट्ट केलेला.

त्याची कामं दोन. कढईचं तेल नुसत्या पाण्यानं निघत नाही, राख किंवा साबण लागतो. तसं जेवणातलं तेल-तूप आतड्यात फोडायला पित्तरसातले क्षार लागतात. हे क्षार लिव्हर कोलेस्टेरॉलपासून बनवतं आणि फार जपून वापरतं. शरीरात एकूण साठा असतो काही ग्रॅमचाच. आतड्यात काम झालं की लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून त्यातले सुमारे ९५ टक्के परत शोषले जातात, रक्तातून लिव्हरकडे येतात आणि पुन्हा कामाला लागतात. असे फेरे दिवसातून अनेकदा होतात. दुसरं काम कचरा बाहेर टाकण्याचं. रक्तातली लाल पेशी जगते साधारण १२० दिवस. ती मोडली की तिच्यातून बिलिरुबिन नावाचा पिवळा रंग निघतो, आणि त्याला बाहेर जायला पित्तरस हीच मोठी वाट आहे. विष्ठेला तपकिरी रंग येतो तो यामुळेच.

मग कावीळ हा रोग नाही?

कावीळ ही खूण आहे. बिलिरुबिन बाहेर जायचं थांबलं किंवा फार तयार झालं की ते अंगात साचतं. नेहमी १०० मिली रक्तात ते १ मिलीग्रॅमच्या आसपास असतं. अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो.

गडबड कुठे आहे हे शोधणं हाच सगळा खेळ. लिव्हरच्या आधी, लिव्हरमध्ये, की लिव्हरच्या पुढे? आधी म्हणजे लाल पेशीच भराभर मोडताहेत. पूर्व विदर्भात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, बऱ्याच घरांत आहे, त्यामुळे आपल्याकडे हे कारण विसरून चालत नाही. सिकलसेलच्या पोराचे डोळे बऱ्याचदा वर्षभर पिवळसर राहतात, आणि सतत जास्तीचं बिलिरुबिन गेल्यानं त्याच्या पित्ताशयात लहान वयातच काळे खडे होऊ शकतात. लिव्हरमध्ये म्हणजे विषाणू, दारू, औषधं. पुढे म्हणजे नळी तुंबली: खडा, गाठ, आकसलेली नळी.

डच डॉक्टर हायमन्स व्हॅन डेन बर्ग यांनी १९१६ साली एक रासायनिक चाचणी दिली. तिच्यामुळे लिव्हरमधून प्रक्रिया होऊन निघालेलं बिलिरुबिन आणि न झालेलं बिलिरुबिन वेगळं मोजता येऊ लागलं. तुमच्या रिपोर्टवर 'डायरेक्ट' आणि 'इनडायरेक्ट' असे दोन आकडे दिसतात ते तेव्हापासूनचे. घरच्या घरी बघण्यासारखी खूण सांगते: डोळे पिवळे, लघवी चहासारखी गडद आणि संडास पांढुरकी, असं एकत्र दिसलं तर वाट तुंबल्याचा संशय धरा आणि त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. सोबत थंडी वाजून ताप असेल तर त्याच दिवशी निघा.

क्षयाच्या गोळ्या सुरू केल्या आणि लघवी केशरी झाली. कावीळच ना?

बहुतेक वेळा नाही. त्यातल्या रिफॅम्पिसिनचाच रंग लघवीत, घामात, कधी डोळ्यांच्या पाण्यातही उतरतो. आरशात डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पांढरा असेल तर घाबरून गोळ्या सोडू नका. या भीतीनं उपचार सोडलेली माणसं मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

पण डोळेही पिवळे झाले, भूक मेली, उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. क्षयाच्या औषधांतली आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि रिफॅम्पिसिन ही तिन्ही काहींच्या लिव्हरला त्रास देतात. भारतात औषधांमुळे लिव्हर बिघडण्याच्या कारणांत ही औषधं अगदी वर आहेत. गोळ्या थांबवायच्या, बदलायच्या की चालू ठेवायच्या, हे डॉक्टर रक्त तपासून सांगतील.

आमच्या गावचा वैद्य चुन्याच्या निवळीत हात धुतो, पाणी पिवळं होतं, आणि कावीळ खरंच उतरते. तुम्ही का मानत नाही?

पाणी पिवळं होतं हे मी मानते. मी स्वतः करून पाहिलं आहे. आंब्याच्या सालीचा रस तळहाताला चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात धुतले. भांड्यातलं पाणी पिवळंधमक झालं. मला तेव्हा कसलीच कावीळ नव्हती. हळदीत चुना पडला की ती लाल होते हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. सालीच्या रसाचंही तसंच काहीतरी होतं. रंग सालीचा असतो, अंगातला नव्हे. नाकात देवडांगरीचा रस टाकून पिवळं पाणी काढतात त्यानं नाकाची आतली त्वचा भाजते, आणि ते पाणी त्या जळजळीचं असतं. पोटावर चटके देणं, मेळघाटात ज्याला डंबा म्हणतात ते, यावर मी एकच सांगते: लेकराला हे करू देऊ नका.

कावीळ उतरते हेही खरं. हिपॅटायटीस म्हणजे लिव्हरला आलेली सूज; विषाणूंमुळे होणारी, पाण्यातून येणारी हिपॅटायटीस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात माणसानं जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं. वैद्याला मिळतं, उसाच्या रसाला मिळतं, डॉक्टरनं दिलेल्या टॉनिकलाही मिळतं. तिघांपैकी कुणाचा हात होता हे नुसत्या अनुभवावरून कळत नाही, आणि म्हणूनच संशोधन लागतं.

हे वावराच्या भाषेत सांगते. नवं कपाशीचं बियाणं आणलं आणि पीक चांगलं आलं. बियाण्यामुळे आलं की पावसामुळे? शहाणा शेतकरी त्याच वावरात चार तासं जुन्या बियाण्याची ठेवतो. आणि नवं बियाणं विहिरीजवळच्या काळ्या मातीत, जुनं धुऱ्याकडच्या बरड तुकड्यात, असं करत नाही. माणसांच्या अभ्यासातही एका गटाला औषध, दुसऱ्याला आतापर्यंतचा नेहमीचा उपचार, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. डॉक्टरच्या मर्जीनं नाही.

जडीबुटीला तुम्ही लोक संधीच देत नाही, असं दिसतं.

दिली आहे. आपल्या बांधावर उगवणारी भुईआवळी घ्या. मद्रासच्या संशोधकांनी १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की हिपॅटायटीस बी असलेल्या ३७ जणांना भुईआवळी दिल्यावर २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. खोटं औषध घेतलेल्या २३ जणांपैकी एकाचीच गेली. जगभर खळबळ उडाली. मग ठिकठिकाणी तोच अभ्यास पुन्हा झाला आणि तसा निकाल परत मिळाला नाही. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. वनस्पती आपली म्हणून कुणी तिला नाकारलं नव्हतं. निकाल पुन्हा आला नाही, एवढंच झालं.

उलट बाजूही आहे. कोरोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळला. मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले रुग्ण नोंदवले, त्यावर वादही झाला. माझं सांगणं साधं आहे: डॉक्टरनं 'काय काय घेता?' विचारलं की काढा, चूर्ण, भस्म सगळं सांगा. पुडी खिशात असेल तर ती दाखवा. कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी सांगा.

बाळ पिवळं दिसतं. कोवळ्या उन्हात ठेवलं तर चालतं ना?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

उन्हाची गोष्ट पोकळ नाही. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात १९५६ च्या सुमाराला वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना बागेतल्या उन्हात न्यायच्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. अंगाचा पिवळेपणा कमी झालेला, पण चादरीचं टोक पडलेल्या जागी त्वचा तशीच पिवळी. त्याच दवाखान्यात रक्ताची एक नळी खिडकीतल्या उन्हात राहून गेली आणि तिच्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. या दोन गोष्टींवरून निळ्या दिव्याखालचा उपचार आला, जो आज आपल्या जिल्हा रुग्णालयातही मिळतो. तो एका सिस्टरच्या नजरेतून निघाला, हे आम्हा खालच्या पायरीवर काम करणाऱ्यांना विसरता येत नाही.

पण दिवा मोजून-मापून दिलेला प्रकाश असतो. अंगणातलं ऊन त्याची जागा घेत नाही, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यातलं ऊन तर बाळाला भाजून काढेल. बाळ पहिल्याच दिवशी पिवळं झालं, पिवळेपणा तळव्यांपर्यंत पोचला किंवा बाळ दूध ओढेना, तर वाट पाहू नका.

आता खरा मुद्दा. १४ दिवस उलटूनही बाळ पिवळं असेल तर त्याची 'डायरेक्ट बिलिरुबिन' तपासणी व्हायलाच हवी. आणि रोज लंगोटाकडे बघा. बाळाची शी पिवळी, मोहरीसारखी किंवा हिरवट असेल तर ठीक. खडूच्या चिखलासारखी, फिकट, पांढुरकी असेल तर पित्तरस आतड्यात पोचतच नाही. काही बाळांच्या लिव्हरबाहेरच्या पित्तनळ्या जन्मानंतर लगेच बुजत जातात. जपानचे मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली: बुजलेल्या नळ्या काढून आतड्याचा भाग थेट लिव्हरला जोडायचा. बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत ती झाली तर यश मिळण्याची शक्यता जास्त. उशीर झाला की लिव्हर कडक होत जातं आणि पुढे प्रत्यारोपणाशिवाय वाट उरत नाही.

तैवाननं २००४ साली प्रत्येक आईच्या हातात शीच्या रंगांचं एक कार्ड दिलं. यंत्र नाही, सुई नाही, फक्त रंगीत छापलेले चौकोन. त्यानं ही बाळं लवकर सापडू लागली. आपल्या बाळंतिणी सव्वा महिना घरात असतात, माहेरी असतात, आणि 'पिवळं आहे, पण गुटगुटीत आहे' म्हणून दिवस जातात. ही बाळं सुरुवातीला खरंच गुटगुटीत दिसतात. फसगत तिथेच होते.

"बाई, एवढं रक्त कायले पायजे तुमाले?"

साधारण ५ ते १० मिली घेतो, म्हणजे चहाचा एक किंवा दोन चमचे. मोठ्या माणसाच्या अंगात ५ लिटरच्या आसपास असतं. रक्त विकलं जात नाही, आणि नळीतल्या एवढ्याशा रक्तानं कुणाला रक्त चढवताही येत नाही.

त्याचं पुढे काय होतं ते सांगते, कारण हे कुणीच सांगत नाही. नळीवर तुमचं नाव नसतं, क्रमांक असतो. मी नळी लगेच ॲल्युमिनियमच्या चंदेरी कागदात गुंडाळते. का, ते रॉचफर्डच्या खिडकीनं शिकवलं: उजेडात बिलिरुबिन मोडतं आणि आकडा खोटा येतो. नळी अर्धा तास उभी ठेवली की रक्त गोठतं. मग ती सेंट्रिफ्यूजमध्ये जाते, डेअरीत दुधातून मलई वेगळी करतात तशा गरगर फेऱ्यांत. बाहेर येते तेव्हा खाली काळपट लाल गोळा आणि वर स्वच्छ द्रव. निरोगी माणसाचा हा द्रव गव्हाच्या काडीसारखा फिकट. कावीळवाल्याचा झेंडूच्या पाकळीसारखा, कधी इतका गडद की नळी उजेडात धरली तरी बोट पलीकडून दिसत नाही. उन्हात पेटी तापली किंवा खडबडीत रस्त्यात नळ्या आदळल्या तर पेशी फुटून द्रव लालसर होतो आणि नमुना फेकावा लागतो. मे महिन्यात असं झालं की मला तुमच्यासमोर पुन्हा हात पुढे करायची लाज वाटते. म्हणून ती पेटी मी मांडीवर धरते.

नंतर तो द्रव लहान लहान कुप्यांत भरून उणे ८० अंशांवर ठेवतात.

ठेवून काय उपयोग? एकदा तपासलं की झालं ना?

दिल्लीची गोष्ट ऐका. १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत दिल्लीत पिण्याच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं आणि २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली. सगळ्यांना वाटलं, ही नेहमीची हिपॅटायटीस ए. काही रुग्णांचं रक्त मात्र जपून ठेवलं होतं. तपासायच्या नव्या पद्धती आल्यावर, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ते रक्त पुन्हा तपासलं आणि १९८० साली सांगितलं की ही ए नव्हे, बी तर नव्हेच. तिकडे काश्मिरात १९७८ च्या साथीवरून डॉ. खुरू हेच म्हणत होते. त्यातूनच पुढे हिपॅटायटीस ई हे नाव आलं.

त्या तपासणीच्या पंचवीस वर्षं आधी ज्यांनी हात पुढे केला त्यांच्या रक्तानं हे उत्तर दिलं. आज आपल्याकडे पावसाळ्यात नळाची पाइपलाइन नालीतून जाते आणि एका वॉर्डात दहा जण पिवळे होतात, तेव्हा डॉक्टर गरोदर बाईची आधी चौकशी करतात, तीही या शोधामुळे. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटीस ई आईच्या जिवावर बेतू शकते. गावात कावीळ पसरली असेल तर गरोदर बाईला पाणी खळखळ उकळून, मगच गार करून द्या. तुरटी फिरवून भागत नाही.

आठव्या महिन्यात तळहात-तळपायाला रात्रभर खाज सुटते. उष्णता आहे का?

पुरळ नसताना तळव्यांना खाज, आणि ती रात्री जास्त, असं असेल तर रक्तातले पित्तक्षार तपासायला सांगा. गरोदरपणातल्या बदलांमुळे काहींच्या लिव्हरमधून पित्तरस नीट वाहत नाही आणि क्षार रक्तात चढतात. आईची खाज बाळंतपणानंतर जाते, धोका बाळाला असतो. क्षार लिटरमागे १०० मायक्रोमोलच्या वर गेले की पोटात बाळ दगावण्याचा धोका वाढतो, असं २०१९ मध्ये हजारो गरोदर बायकांच्या नोंदी एकत्र करून दिसलं.

यावर वर्षानुवर्षं एक गोळी देतात, अर्सोडीऑक्सीकोलिक ॲसिड. हा क्षार पहिल्यांदा सापडला अस्वलाच्या पित्तात, आता कारखान्यात बनतो. २०१९ सालीच इंग्लंड आणि वेल्समधल्या ३३ रुग्णालयांत ६०५ बायकांवर या गोळीची चाचणी झाली, अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना खोटी. बाळाच्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही. आईची खाजही थोडीशीच कमी झाली. इतकी वर्षं दिलेली गोळी, आणि हे इतक्या मोठ्या प्रमाणावर कुणी तपासलंच नव्हतं! त्या ६०५ जणी हो म्हणाल्या म्हणून आज डॉक्टर गोळीवर विसंबून न राहता क्षार मोजतात आणि बाळंतपणाची वेळ ठरवतात.

उंदरांवर प्रयोग का करता?

पित्तरसावरची बरीच माहिती त्यांच्यामुळेच आहे. मोठ्या पांढऱ्या उंदराला, रॅटला, पित्ताशयच नसतं. त्यामुळे त्याचा पित्तरस साठून न राहता सतत ठिबकतो आणि बारीक नळी बसवून थेंब-थेंब मोजता येतो. घरातल्या चिंटुकल्या उंदराला मात्र पित्ताशय असतं. प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगालाही वेगळ्या समितीची परवानगी लागते.

आता पेशींवरही पुष्कळ काम होतं. लिव्हरच्या पेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या दोन थरांमध्ये ठेवल्या, भाकरीच्या दोन पापुद्र्यांत पिठलं भरावं तशा, की त्या एकमेकींना चिकटून मधे अगदी सूक्ष्म नाल्या तयार करतात आणि त्यांत पित्तरस सोडू लागतात. सूक्ष्मदर्शकातून हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवायला गेले नव्हते. या नाल्यांच्या भिंतीत पित्तक्षार बाहेर ढकलणारा एक पंप असतो. नवं औषध त्या पंपाला अडवतं का, हे माणसाला देण्याआधी इथेच कळू शकतं. ट्रोग्लिटाझोन नावाचं मधुमेहाचं औषध लिव्हर निकामी झाल्याच्या घटनांमुळे २००० साली अमेरिकेत बंद झालं; ते या पंपाला अडवतं हे प्रयोगशाळेत नंतर दिसलं. आधी दिसलं असतं तर काही जीव वाचले असते.

हिपॅटायटीस बी निघाली. ताट-वाटी वेगळी करू का?

करू नका. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्यानं जात नाही.

हा विषाणू लिव्हरमध्ये शिरतो कसा हे २०१२ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी शोधलं. परत आलेले पित्तक्षार आत घेण्यासाठी लिव्हरच्या पेशीला जे दार आहे, त्याच दारानं तो घुसतो. पित्तरसाचा अभ्यास करणारे आणि विषाणूंचा अभ्यास करणारे तोवर वेगवेगळ्या खोल्यांत बसत होते.

२८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या केंद्राच्या कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. सी असेल तर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक सगळे बरे होतात. बी आयुष्यभर सांभाळावी लागते, पण सांभाळता येते. घरच्यांनी लस घ्यावी, आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस द्यावा.

मी दारू पीत नाही. मग सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' कसं?

पोटाचा घेर, साखर, बसून राहणं. आता खेड्यातही हे खूप दिसतं. वजन ७ ते १० टक्क्यांनी उतरलं तर लिव्हरमधली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात, यावर भरपूर अभ्यास आहेत. फायब्रोस्कॅन हे यंत्र सुई न टोचता लिव्हर किती कडक झालं ते सांगतं.

जे पितात त्यांना मात्र वेगळं सांगायचं आहे. वर्धा आणि गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे आहेत, चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ बंदी होती. त्यामुळे मोहाची किती, देशी किती, हा प्रश्न आला की माणूस मान खाली घालतो, 'कधीमधी' म्हणतो. आमच्या फॉर्मवरचं उत्तर पोलिसांकडे जात नाही, सरपंचाकडे जात नाही, बायकोलाही सांगत नाही. खरं सांगा. खोट्या आकड्यावर काढलेला निष्कर्ष तुमच्यासारख्याच दुसऱ्या माणसाला चुकीचा उपचार देईल.

लिव्हरचा तुकडा काढतात म्हणे?

प्रत्येकाचा नाही. गरज असेल तरच, जागा बधिर करून, सुईनं. निघतो तो शेवईच्या बारीक तुकड्याएवढा, साऱ्या लिव्हरचा साधारण ५० हजारावा भाग. नंतर काही तास पडून राहावं लागतं. क्वचित रक्तस्राव होतो, तो धोका आधी सांगितलाच पाहिजे.

पैसे मिळतात का?

भाग घेतल्याचे नाही. येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी देता येते. ती अभ्यासाच्या कागदात लिहिलेली असते. तुमच्याकडून तपासणीचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

अंगठा दिला की अडकलो, असं तर नाही ना?

नाही. मधेच सोडता येतं, कारण न सांगता. सोडल्यावर तुमचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पथकाबाहेरच्या साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवावं लागतं. नवीन औषधाच्या चाचणीत काही वेळा त्याचं चित्रीकरणही सक्तीचं आहे, २०१९ च्या नियमांनुसार. त्याच नियमांत, चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई आहे. परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीत किमान ७ जण लागतात, निम्मे संस्थेबाहेरचे, आणि त्यात सामान्य माणूसही असतो. औषधांच्या चाचण्यांची देशाच्या नोंदवहीत (सीटीआरआय) नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. तो नोंदणी क्रमांक मागा. नातवाला मोबाइलवर शोधायला सांगा. सांगायला जो टाळाटाळ करेल त्याच्यापुढे रक्तासाठी हात करू नका, आमच्या पथकातला असला तरी.

रिपोर्ट मिळेल का?

मी सातवीत असताना आमच्या शाळेत एक पथक आलं होतं. कुठलं ते लिहीत नाही. सगळ्या पोरांचं रक्त घेतलं, प्रत्येकाला एक केळ दिलं आणि गेलं. पुन्हा कुणी आलं नाही. माझी आजी महिनाभर रोज संध्याकाळी विचारायची, "आलं काय वं त्या रक्ताचं काई?" माझ्या वर्गातल्या एका मुलीला सिकलसेल होता हे पुढे तिच्या पहिल्या बाळंतपणात कळलं. त्या दिवशीच्या नळीत ते होतं का, कुणी पाहिलं होतं का, मला आजही माहीत नाही. मी या कामात आले ती त्या प्रश्नामुळे.

म्हणून हे उत्तर मी ठाम देते. तुमच्या उपचाराशी संबंध असलेला प्रत्येक आकडा तुम्हाला मिळायला हवा, आणि समजेल अशा भाषेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही निष्कर्ष लोकांपर्यंत पोचवण्याची अपेक्षा आहे. नेहमीच्या तपासण्या, म्हणजे बिलिरुबिन, एसजीपीटी आणि एसजीओटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली का ते सांगणारे आकडे), हिपॅटायटीसच्या चाचण्या, लवकर होतात. साठवलेल्या कुप्यांवरचं काम वर्षानुवर्षं चालतं, त्यात तुमच्या एकट्याचा निकाल निघेलच असं नाही, आणि हे सही घेतानाच सांगायला हवं.

संमतीपत्राची एक प्रत तुमची असते. ती घडी घालून खिशात टाकण्याआधी तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन गोष्टी लिहून घ्या: तुमच्या नळीचा क्रमांक, रिपोर्ट घेऊन कोण येणार त्याचं नाव आणि फोन, आणि कोणत्या तारखेला. पेन माझ्याकडे असतो.